मत आपलं, तिजोरी कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कवी माणसानं नगरपालिकेच्या कारभारावर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ज्या गल्लीत बसून कविता लिहायची, त्या गल्लीतल्या गटारीबद्दल बोलायला कवीला मनाई असावी असं मला वाटत नाही. शिवाय या विषयाशी माझं नातं घरातलंच आहे. माझे अब्बा आमच्या तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते.

गावाच्या वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक खोली, आत टेबल, कार्बन घातलेलं पावतीपुस्तक आणि बाहेर रस्त्यावर आडवा बांबू. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला. मी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि तिथंच घुटमळायचो. गुळाचे रवे, तेलाचे डबे, कापडाचे तागे, फरशी, लोखंडी सळ्या, गावात जे जे यायचं ते त्या बांबूखालून यायचं. कशावर किती जकात याचा तक्ता भिंतीवर टांगलेला असायचा, पण अब्बांना तो पाठ होता. संध्याकाळी हिशेब जुळला की ते म्हणायचे, "आज हा बांबू उचलला म्हणून उद्या रस्त्यावरचे दिवे लागणार." मला तेव्हा ते वाक्य वजनदार वाटायचं. पुढं कळलं की ते अक्षरशः खरं होतं. पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्या नाक्यावरून यायचा आणि तो गोळा करायला कुणाची परवानगी मागायला मुंबईला जावं लागत नसे.

आता मी जकातीचं गुणगान करायला बसलेलो नाही. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, ड्रायव्हर शिव्या द्यायचे, हात ओले झाल्याशिवाय बांबू न उचलणारे लोकही होते. मळ्यातल्या चोरवाटेनं रात्री किती माल गावात यायचा, ते सगळ्या गावाला माहीत होतं. व्यापाऱ्यांची तक्रार रास्त होती. माल वापरायच्या आधीच, नुसता हद्दीत आला म्हणून त्यावर कर घ्यायचा, ही जुन्या जमान्याची रीत. ती कधी ना कधी जाणारच होती. १ मे १९९९ पासून राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. बांबू निघाला. अब्बांच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. त्यांना जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसवलं. गावात काय आलं याची नोंद करणारा माणूस गावात कोण आलं आणि गावातून कोण गेलं याची नोंद करू लागला.

प्रश्न जकात गेली हा नाही. तिच्या जागी काय आलं, हा आहे. आलं ते राज्य सरकारचं सहायक अनुदान. त्यातून मुख्यतः कर्मचाऱ्यांचे पगार भागतात. म्हणजे घर चाललं, पण स्वतःच्या कमाईवर चालणारं घर आणि दर महिन्याला थोरल्या भावाकडून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणारं घर, यांत जो फरक असतो तो पडला. मनीऑर्डर येते तोवर कुरकुर करता येत नाही आणि उशिरा आली तर विचारायची सोय नाही.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत आपल्या विधिमंडळात स्थानिक संस्थांबद्दल काय चर्चा झाल्या ते पाहू. चर्चा कमी झाल्या असं कुणी म्हणणार नाही. पण त्यातल्या बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरल्या आहेत: निवडायचं कसं?

नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडावा की नगरसेवकांनी आपल्यातून? १९७४ साली महाराष्ट्रात तो थेट लोकांतून निवडला गेला. मग ते बंद झालं. २००१ साली पुन्हा थेट निवड आली आणि २००६ च्या निवडणुकांत पुन्हा नव्हती. २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारनं थेट निवड परत आणली, २०१७ मध्ये सरपंचांनाही तोच नियम लावला. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारनं दोन्ही रद्द केलं. त्या वेळी सरपंचांबाबतच्या अध्यादेशावर राज्यपालांनी सही केली नाही, म्हणून विधेयक आणावं लागलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि दोन्ही पुन्हा आलं. गंमत अशी, की २०२० साली रद्द करताना नगरविकास खातं एकनाथ शिंदे यांच्याकडे होतं आणि २०२२ साली परत आणताना ते मुख्यमंत्री होते. विरोधकांनी सभागृहात यावर बोट ठेवलं. थेट निवडच इतकी चांगली असेल तर मुख्यमंत्रीही थेट लोकांतून निवडा, असंही म्हणून झालं. हशा झाला असणार. विधेयक संमत झालं.

प्रभागांचं तसंच. महापालिकांना २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली, मुंबई सोडून, चौघांचा. मग एकाचा ठरला, तो तीनाचा झाला, तो पुन्हा चाराचा झाला. मुंबईतल्या जागा २२७ च्या २३६ झाल्या आणि परत २२७ झाल्या. शाळेत आम्ही पाढे म्हणायचो तेही इतके उलटसुलट नव्हते.

या वादात अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना खरी माणसं आणि खरे अनुभव आहेत. नगरसेवकांतून निवड होते तेव्हा काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. निवडणुकीच्या आधी आठ दिवस नगरसेवक गावात दिसत नाहीत, ते "देवदर्शनाला" गेलेले असतात आणि परतताना रंग गोव्याच्या उन्हात रापलेला असतो. थेट निवडीनं हा बाजार पुष्कळ आटोक्यात येतो. पण थेट निवडीचं दुसरं दुखणं आमच्या गावानं भोगलं. २०१६ मध्ये अध्यक्ष एका आघाडीचे आले आणि बहुमत दुसऱ्या आघाडीचं. पाच वर्षं दोघंही एकमेकांचे ठराव अडवत राहिले.

मोहल्ल्यात राहणारा माणूस म्हणून प्रभागाच्या आकाराबद्दल मला एक सांगायचंय. एका सदस्याचा छोटा प्रभाग असला की आमच्या तांबोळी गल्लीतलाही एखादा निवडून येऊ शकतो. प्रभाग मोठा झाला की मोहल्ला त्याचा एक कोपरा होतो. पण उलटही आहे. छोट्या प्रभागात बाकीच्या गावाला आमच्याकडे फिरकायची गरज उरत नाही. मोठा प्रभाग असला की पेठेतल्या उमेदवाराला आमच्या उंबऱ्यावर येऊन चहा घ्यावा लागतो आणि आमच्या उमेदवाराला पेठेत जावं लागतं. मला दोन्ही पटतं. कुठल्याही एका पद्धतीसाठी मी शपथेवर भांडणार नाही. पण दर निवडणुकीला पद्धत बदलली की एक नक्की होतं: मागच्या वेळी ज्यानं शब्द दिला होता त्याला धरायला प्रभागच जागेवर नसतो.

यात मार्च २०२२ ची एक घटना विसरू नये. प्रभागरचना करण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमतानं संमत केलं. कारण होतं ओबीसी आरक्षणाच्या पेचातून वाट काढण्याचं, आणि तो पेच खराच होता. पण एरवी कशावरही एकमत न होणारी सभागृहं या एका गोष्टीवर किती पटकन एक झाली, ते नोंदवून ठेवावंसं वाटतं.

आणि पैसा? त्यावर चर्चा किती झाली?

इथं जरा राज्यघटनेकडे वळतो. राजीव गांधींच्या काळात १९८९ साली पंचायती आणि नगरपालिकांसाठी दोन घटनादुरुस्ती विधेयकं आली. लोकसभेत ती संमत झाली, राज्यसभेत पडली. राज्यांना वळसा घालून केंद्र थेट गावापर्यंत हात घालतंय, असा तेव्हाचा आक्षेप होता. पुढं १९९२ च्या डिसेंबरात नरसिंह राव यांच्या काळात ७३वी आणि ७४वी दुरुस्ती संमत झाली आणि १९९३ मध्ये लागू झाली. मी साधा बी. ए. झालेला माणूस, कायद्याचा अभ्यासक नव्हे. पण आम्हा कवींना क्रियापद तपासायची खोड असते. ती कलमं वाचताना माझं लक्ष क्रियापदांकडे गेलं. मुदत पाच वर्षं राहील, ती संपण्याआधी निवडणूक होईल, तिथं भाषा ठाम आहे, पळवाट नाही. आणि कर बसवण्याचे, उत्पन्नाचे अधिकार? तिथं राज्याच्या विधिमंडळाला ते "देता येतील". देता येतील म्हणजे न देताही येतील. निवडणूक हक्काची आणि पैसा मर्जीचा, अशी ही घटनेतलीच विभागणी आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांना सोपवता येतील अशी अठरा कामं मोजून दिली आहेत. त्या कामांना लागणाऱ्या पैशांची अनुसूची मात्र नाही.

इंग्रजांच्या काळातही हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता असं नाही. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा जो ठराव केला, त्यात लोकांनी निवडलेल्या सदस्यांबरोबर स्थानिक उत्पन्नाच्या साधनांचाही विचार होता. परक्या सरकारला जे समजलं होतं ते आपल्याला समजत नाही, असं नाही. पण समजणं आणि हातातलं सोडणं यांत अंतर असतं.

पैशावर खरी चर्चा झालेला एक प्रसंग मला आठवतो. मे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या कायद्यासाठी विधिमंडळाचं खास अधिवेशन भरलं. मुंबई महापालिकेला तोवर जकातीतून वर्षाला सुमारे ७ हजार कोटी रुपये मिळत होते. ते १ जुलैपासून बंद होणार होते. शिवसेना तेव्हा सरकारात होती, तरी ती अडून बसली. महापालिकेला दर महिन्याला हात पसरायला लावू नका, भरपाईची हमी कायद्यात लिहा, अशी तिची मागणी होती. हमी लिहिली गेली. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के वाढीनं भरपाई द्यायचं ठरलं. पक्ष कुठलाही असो, त्या दिवशी सभागृहात प्रश्न योग्य विचारला गेला होता, असं माझं मत आहे.

पण पुढचं दृश्य बघा. जुलैत पहिला धनादेश आला, सुमारे ६४७ कोटींचा. राज्याचे अर्थमंत्री तो घेऊन मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात गेले. महापौरांनी तो स्वीकारला. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते समोरासमोर घोषणा देत होते. गोंधळ सोडा. मला त्या छायाचित्रातले हात दिसत राहिले. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचा हात खाली आणि मंत्र्यांचा हात वर. कायद्यानं हक्काची असलेली रक्कमही समारंभ करून दिली की ती दान वाटायला लागते.

मुंबईचं असं, तर आमच्यासारख्या गावांना कोण विचारतो? इतर महापालिकांच्या जकातीच्या जागी २०१० पासून आणि मग २०१३ मध्ये स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, तेव्हा १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. जकात आणणं, काढणं, त्याजागी दुसरं काही आणणं आणि तेही काढणं, सगळे निर्णय वर झाले. मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ होणार हे १ जानेवारी २०२२ ला जाहीर केलं ते मुख्यमंत्र्यांनी. तो कर कुणाचा? महापालिकेचा. मोठेपणा एकाला आणि खड्डा दुसऱ्याच्या खिशाला. हे सगळ्या पक्षांनी केलंय, म्हणून एकाला दोष देत नाही.

दुसरीकडे केरळकडे पाहा. १९९६ मध्ये तिथं लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चाचा साधारण ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरलं. मला त्यातली एक साधी गोष्ट फार आवडते. केरळच्या अर्थसंकल्पाला एक स्वतंत्र परिशिष्ट जोडलेलं असतं. त्यात प्रत्येक पंचायतीचं आणि प्रत्येक नगरपालिकेचं नाव आणि नावापुढं रक्कम छापलेली असते. आमदाराला ती वाचता येते, गावातल्या शिक्षकाला वाचता येते, नगरसेवकाला वर्षाच्या सुरुवातीलाच कळतं आपल्याला काय मिळणार. केरळमध्ये सगळं आलबेल आहे असं नव्हे. पण छापलेला आकडा मागायला मुंबईला, म्हणजे तिरुवनंतपुरमला, चकरा माराव्या लागत नाहीत.

आता मागच्या चार वर्षांबद्दल. घटनेतलं जे क्रियापद ठाम होतं, तेही आपल्याकडे पाळलं गेलं नाही. आमच्या पालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. मुंबई महापालिकेची मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात, प्रभागरचनेचा प्रश्न न्यायालयात, आणि राज्यभर प्रशासक. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, पुढं ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत दिली.

त्या चार वर्षांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली मोरी खचली. रस्त्याखालून जाणारी ही मोरी तुंबली की पावसाळ्यात मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत पाणी येतं आणि पलीकडच्या विठ्ठल मंदिराच्या ओट्यालाही लागतं. दोन्ही ठिकाणच्या लोकांनी मिळून अर्ज केला. मी तो लिहिला, कारण गावात अर्ज लिहायला कवीच लागतो. कचेरीतल्या कारकुनानं तो घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, "बॉडी नाही. बॉडी आल्यावर बघू." बॉडी म्हणजे निवडून आलेलं सभागृह. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा प्रशासक म्हणाले, निधी नाही. वित्त आयोगाचं केंद्राचं अनुदान निवडून आलेल्या संस्थांनाच मिळतं, आणि संस्था निवडलेली नाही. म्हणजे बॉडी नाही म्हणून पैसा नाही. आणि आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो की पैसा नाही म्हणून बॉडीला काही करता येत नाही. एकाच नाण्याला दोन खोट्या बाजू असाव्यात तसं.

तो माणूस वाईट नव्हता. अदबीनं बोलला, खुर्ची दिली. पण त्याची बदली करणारे मुंबईत होते. माझ्या मताची त्याला गरज नव्हती आणि माझ्या घरपट्टीचीही फारशी नव्हती. घरपट्टीवरून आठवलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या नोटा बंद झाल्या, पण पालिकेत कर भरायला त्या काही दिवस चालत होत्या. तेव्हा आमच्या पालिकेसमोर जी रांग लागली होती, तशी अब्बांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. वर्षानुवर्षं थकवलेली घरपट्टी लोक हसत भरत होते. त्याच महिन्यात आम्ही थेट नगराध्यक्षाला मत दिलं. नगरसेवकांनी मात्र कधी दारोदार जाऊन घरपट्टी भरा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांची अडचण मला कळते. मत मागायचं त्याच दारात कर कसा मागायचा? आणि वरून अनुदान येणारच असेल तर का मागायचा? पण ज्यानं कर मागितलाच नाही, त्याला हिशेब तरी कोण विचारणार? आम्हीही विचारत नाही. आपलं काय गेलं त्यात, असं म्हणतो. यात आमचाही दोष आहे.

२ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. माझ्या प्रभागात दोन नगरसेवक आणि वर थेट नगराध्यक्ष, म्हणजे मला तीन बटणं दाबायची होती. शेजारच्या आजी बाहेर येऊन म्हणाल्या, "बाबा, तीनदा आवाज आला, एकच मत झालं ना?" निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा तो २१ डिसेंबरपर्यंत लांबला. यंत्रं कुलपात, बाहेर पोलीस आणि आळीपाळीनं राखण करणारे उमेदवारांचे कार्यकर्ते. इतकी राखण आम्ही कधी पालिकेच्या तिजोरीची केलेली नाही.

निकालानंतर आमचे नवे नगरसेवक, दोघंही तरुण, गल्लीत आले. एकानं मला "चाचा" म्हणून वाकून नमस्कार केला. मी मोरीचा विषय काढला. तो म्हणाला, "चाचा, पहिलं काम तेच. प्रस्ताव तयार करून मुंबईला पाठवतो, साहेबांशी बोलणं झालंय." मी विचारलं, पालिकेच्या स्वतःच्या पैशातून होणार नाही का? यंदा घरपट्टी किती जमली? दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना माहीत नव्हतं आणि ते त्यांनी कबूल केलं, हे मला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यातला एक अंदाजपत्रकाची झेरॉक्स घेऊन घरी आला. आम्ही जमेची बाजू उघडली. रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. अब्बा असते तर त्यांनी पाच मिनिटांत समजावून दिलं असतं.

मोरी अजून झालेली नाही. गेल्या सोमवारी ओव्हरसियर तिसऱ्यांदा माप घ्यायला आले होते. या वेळी त्यांच्याबरोबर टेप धरायला माणूस नव्हता, म्हणून दुसऱ्या टोकाला मी उभा राहिलो. सव्वाअकरा मीटर भरली. मागच्या दोन्ही वेळी कागदावर नऊ लिहिली होती.